लाकडी स्पीडबोट घरी बांधायचीय: तळ सपाट ठेवू की व्ही?

सुरसागरकाठ:
मंडळी, नमस्कार. मी बडोद्याचा, मकरपुरा जीआयडीसीत व्हीएमसी मशीनवर (संगणकाच्या हुकमानं धातू कापणारं यंत्र) आहे, वय ३८. चौदा फुटी लाकडी मोटरबोट स्वतःच्या हातानं बांधायचीय. मागे २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायचं इंजिन.

वेड कुठून लागलं ते आधी सांगतो. चौथीच्या सुट्टीत मुंबईला आत्याकडे गेलो होतो. आतोबांनी गेटवेवरून स्पीडबोटीत बसवलं. सुरुवातीला नाक एवढं वर की समोरचं काही दिसेना, इंजिन नुसतं कण्हत होतं. मग एकाएकी नाक खाली बसलं, बोट हलकी झाली आणि खालचं पाणी टणक लागायला लागलं, डांबरी रस्त्यासारखं. तो क्षण अजून पायांच्या तळव्यांत आहे. पुढे वाचून कळलं की चौदा फुटी बोट पाण्यात बसून चालते तोवर ताशी ९ किलोमीटरच्या आसपास तिचीच लाट तिला अडवते. त्यापुढे जायचं तर लाटेवर चढून पाण्याच्या वर यावं लागतं. मला ती चढणारी बोट करायचीय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मांडवीला गेलो. रुक्मावतीच्या काठावर मोठी लाकडी गलबतं बांधायला उभी. एक मिस्त्री बाभळीचा वाकडा ओंडका उलटसुलट फिरवून नुसत्या नजरेनं ठरवत होता की हा बोटीच्या कुठल्या वळणाला बसेल. हातात ना कागद, ना टेप. मी तासभर तिथून हललो नाही.

तर प्रश्न असे. फळ्यांची बांधू की मरीन प्लायची (पाण्यात टिकणारा प्लायवुड)? तळ सपाट की इंग्रजी व्हीसारखा मधे खोल? सासऱ्यांचं वाघोडिया रोडला २० बाय १२ फुटांचं पत्र्याचं शेड मिळालंय. आणि चालवायची कुठे? विश्वामित्रीत मगरी, आजवाचं पाणी शहर पितं. शिवाय इथल्या हरणी तळ्यात शाळेच्या मुलांची बोट उलटली, तेव्हापासून आई घरात बोटीचं नाव काढू देत नाही.

किनारपट्टी:
फायबरची तयार घ्या. कोकणात आता बहुतेक तीच दिसते. लाकूड म्हणजे दरवर्षी खरवडणं आणि रंग. दोन दिवसांत पाण्यात असाल.

रंधा:
मी रावपुऱ्यातला, ३४ वर्षं फाउंड्रीसाठी सागाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे लाकडी नमुने केले. बोट एकच बांधली, १२ फुटी, वल्ह्याची. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

फळ्यांच्या नादी लागू नकोस. फळ्यांची बोट पाण्यात राहिली तर फुगून घट्ट बसते. तुझी सहा दिवस शेडमध्ये आणि एक दिवस पाण्यात राहणार, उन्हाळ्यात प्रत्येक सांधा उघडेल. प्लाय आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) घे. प्लायवर आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का असायला हवा, पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नकोस. एका दुकानातून शिक्का बघून घेतलेला प्लाय माझ्याकडे ओट्याखाली पापडासारखा सुटला. दोन इंचाचा तुकडा मागून आण आणि पातेल्यात उकळव. त्या मानकात ७२ तास उकळण्याची कसोटी आहे, तू रोज रात्री चारपाच तास उकळव, आठवडाभर. थर सुटले तर माल परत. आणि कापलेल्या कडेला नीट बघ, मधल्या थरात पोकळी दिसली तर तो ताव बोटीला नको.

ताव आठ फुटी, बोट चौदा फुटी, म्हणजे सांधा आलाच. ९ मिलिमीटरच्या प्लायला आठपट, म्हणजे ७२ मिलिमीटरचा उतार रंध्यानं काढायचा आणि दोन उतार एकमेकांवर चिकटवायचे. हे काम मला फार आवडलं होतं. उतार काढताना प्लायचे थर पट्ट्यांसारखे उघडे पडतात, एक फिकट, एक गडद. पट्टे सरळ आणि सारख्या रुंदीचे दिसले की उतार बरोबर. पट्टा वाकडा झाला की हात कुठे दबला ते तिथल्या तिथे कळतं. पात्याला दर दहा मिनिटांनी धार लाव, प्लायमधला गोंद धार खातो.

तळाचं. सपाट तळ कमी ताकदीत लवकर वर येतो, पण वीतभर लाटेत कंबर मोडतो. व्ही पाणी चिरतो, पण उचलायला इंजिन जास्त खातो. व्ही किती खोल ते अंशांत मोजतात, तळाची बाजू आडव्या रेषेपासून किती उचललेली ते. अमेरिकेतल्या बोटींच्या रचनाकार रे हंटनं २४ अंशांच्या आसपासचा खोल व्ही थेट मागच्या फळीपर्यंत नेला आणि तशा बोटीनं १९६० ची मायामी-नासाऊ शर्यत जिंकली. ते उघड्या समुद्राचं काम. तुला पुढे खोल आणि मागे १०-१२ अंश पुरे. मागचा अर्धा तळ लांबीत पट्टी लावून सरळ ठेव. तिथे फुगवटा राहिला तर वेगात नाक वरखाली नाचत राहतं.

आधी १:१० चं कार्डाचं मॉडेल कर. प्लाय एका वेळी एकाच दिशेला वाकतो. कार्ड जिथे सुरकुततं तिथे प्लायही ऐकणार नाही.

हरणीरोड:
मी शाळेत शिकवते. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तळ्यात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, कितीतरी मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तुमच्या आई बोलतात ते आम्हा सगळ्यांच्या मनातलं आहे.

तरी बांधू नका असं मी म्हणणार नाही. बाकांखाली बंदिस्त फोम भरा आणि पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यात बोट मुद्दाम काठोकाठ भरा. इंजिनाइतकं वजन, पन्नासेक किलो, मागे टांगून दोघं आत बसा. ती आडवी न होता तरंगली तरच पुढचं. चालवणारा बाहेर फेकला गेला तर इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेलीच हवी. आणि २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्यात यांत्रिक बोटीला नोंदणी आहे, ते इंजिन घेण्याआधी विचारून घ्या.

सुरसागरकाठ:
ताई, पाणी भरून बघायची कसोटी मी आईसमोरच करीन. तिला काठावर खुर्ची टाकून बसवतो.

किनारपट्टी, तुमचं खरं आहे, पण तयार घेतली तर माझ्या हाताला काय मिळालं? पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम अजून लाकडी बोटीच्या नावावर आहे. ऑस्ट्रेलियातल्या केन वॉर्बीनं ती घराच्या मागच्या अंगणात लाकूड आणि प्लाय वापरून बांधली, लष्कराचं जुनं जेट इंजिन बसवलं, आणि ८ ऑक्टोबर १९७८ ला ब्लोअरिंग धरणात ताशी ५११ किलोमीटर गाठले. मला चाळीस पुरेत. पण अंगणात बसून एवढं होतं, हे मी मशीनवर उभा असताना रोज आठवतो.

रंधाकाका, सपाटचा विचार सोडला. बोट कुठे उतरवू ते राहिलं. आणि मॉडेलला कार्ड किती जाड?

रंधा:
नर्मदेकाठच्या चांदोदला जा, नावाड्यांशी बोल. वरच्या सरदार सरोवर धरणातून पाणी सुटलं की पातळी कशी बदलते ते त्यांना विचार. त्यांनी नको म्हटलं तर नको.

कार्ड लग्नपत्रिकेचं घे. एकच थर, दोन चिकटवू नकोस.