गाण्याच्या वर्गानंतर आवाज बसतो: रियाज कमी पडतो की पट्टी चुकते?

शाळेतली_गाणारी

मी ३७ वर्षांची असून प्राथमिक शाळेत शिकवते. गेली तीन वर्षे आठवड्यातून दोनदा शास्त्रीय गायनाच्या वर्गाला जाते आणि प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत. सुरांची समज वाढली, तालही आता सुटत नाही, पण आवाज मात्र टिकत नाही. वर्गात आम्ही सात-आठ जणी एकाच पट्टीत, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून गातो. यमन रागात तार गांधाराकडे, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’कडे जाताना माझी हनुवटी आपोआप वर जाते, मानेच्या शिरा ताठ होतात आणि अर्ध्या तासाने मध्य सप्तकातले साधे स्वरही फाटके लागतात. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना दर चार नावांनंतर खाकरावे लागते. जुन्या विद्यार्थिनी म्हणतात की आवाज असा तापल्याशिवाय तयार होत नाही, रोज दोन तास बसावे. खरोखर रियाज वाढवावा का? आणि पट्टीचा विषय गुरूंकडे काढणे उद्धटपणाचे तर ठरणार नाही ना?

मंद्रपंचम

मी बरीच वर्षे गायन शिकवतो आहे आणि तुमच्या प्रश्नातील हनुवटीचा उल्लेख वाचूनच मला निम्मे उत्तर मिळाले. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) स्पष्ट ऐकू यावा आणि तार मध्यम (वरचा ‘म’) ओरडल्याविना लागावा, या दोन टोकांना सांभाळून षड्ज, म्हणजे ‘सा’, जिथे बसेल ती आपली पट्टी. काळी पाचमधला तार षड्ज आणि पांढरी चारमधला तार मध्यम हे एकाच उंचीचे स्वर आहेत. म्हणजे तुमचा आवाज पांढरी चारचा असेल, तर वर्गात तार गांधार लावताना तुम्ही प्रत्यक्षात स्वतःच्या तार धैवतावर (‘ध’) चढत आहात. तिथे शिरा ताठ झाल्या नाहीत तरच नवल.

पट्टी उंच असणे म्हणजे गाणे मोठे असणे, हा समज आपल्याकडे विनाकारण रुजला आहे. ख्याल गायिका गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली उतरला, पुरुषी वाटावा इतका भारदस्त झाला, आणि पुढची कित्येक दशके त्या त्याच आवाजात गायल्या.

रियाजाविषयी सांगायचे तर वेळ नव्हे, क्रम बदला. सकाळी तंबोऱ्यावर मध्य षड्ज लावून एकेक स्वर खाली उतरा आणि प्रत्येक स्वरावर श्वास संपायच्या थोडे आधी थांबा. खर्ज, म्हणजे हे खालचे स्वर, दाबून, घसा खाली ढकलून लावू नये. जिथे स्वराऐवजी नुसती हवा ऐकू येऊ लागेल तिथून परत फिरावे. सुरुवातीला पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. अलंकार (स्वरांच्या ठरावीक रचना) त्यानंतर, विलंबित म्हणजे संथ लयीत, आणि ताना, म्हणजे जलद स्वरसमूह, सर्वांत शेवटी. गुरूंना अवश्य विचारा. ज्यांना या प्रश्नाचा राग येईल अशा गुरूंविषयी मला अधिक काळजी वाटेल.

स्वरयंत्र_आणि_मी

मी वाचा-उपचाराच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे शरीराविषयी. काळी पाचमधला तार षड्ज लावताना स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४६६ वेळा एकमेकांवर आदळतात. तोच आघात जोर लावून, कोरड्या घशाने, रोज झाला तर तंतूंच्या कडा सुजतात आणि पुढे तिथे लहान गाठी धरू शकतात. गायकांच्या बरोबरीने शिक्षकांमध्येही हा त्रास मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि तुम्ही तर दोन्ही आहात! वर्गातील चाळीस मुलांवर आवाज चढवून झाल्यावर संध्याकाळी काळी पाच, हा हिशेब आधी मांडायला हवा.

घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अगदी हळू आवाजात, वरचे स्वर गुणगुणून पाहा. मोठ्याने लागणारा स्वर हळू लागत नसेल किंवा उशिरा फुटत असेल, तर सूज असण्याची शक्यता असते. त्या दिवशी रियाज हलका ठेवावा. अर्धा पेला पाण्यात नळी दोन बोटे बुडवून, बुडबुडे एकसारखे येतील अशा बेताने पाच मिनिटे गुणगुणल्यासही तंतूंवरचा ताण कमी होतो. खाकरण्याऐवजी घोट घोट पाणी गिळावे, आणि घसा बसल्यावर कुजबुजून बोलण्याने आराम मिळतो हे खरे मानू नये. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक राहिला तर घशाच्या तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यावेत, काढ्यांवर वेळ घालवू नये.

टाळकरी

वरील मतांशी मी पूर्ण सहमत नाही. जुने गवई तासन्‌तास रियाज करत, म्हणून त्यांचे आवाज टिकले. आमच्या भजनातही पट्टी चढीच असते. अर्थात, एका सप्ताहात तीन रात्री सलग गाऊन माझा आवाज दहा दिवस पार गेला होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हापासून चालीचा वरचा भाग मी तरुण मंडळींवर सोडतो.

मंद्रपंचम

@टाळकरी, आपल्या अनुभवातच उत्तर आहे. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचाही आवाज अतिगायनाने बसला होता आणि पुढे त्यांना आपली गायकी नव्याने घडवावी लागली. जुन्या मंडळींचे तासही सलग ओरडण्याचे नसत. खर्ज, पलटे, ऐकणे आणि मधली विश्रांती हे सारे त्यातच धरले जाई.

शाळेतली_गाणारी

सर्वांचे आभार. काल गुरूंशी बोलले. त्यांनी पेटी पुढे ओढून मला एकटीला पांढरी चारपासून एकेक पट्टी चढवत गायला लावले आणि काळी चारला येताच माझ्या हनुवटीकडे बोट दाखवले. सध्या तिच्या लगेच खालची पांढरी पाच ठरली आहे. मंद्र पंचम मात्र अजून हवेतच विरतो.