थर्ड इयर केमिस्ट्रीच्या पोरांना ओळखी काढायला शिकवायचं कसं?

केमिस्ट्रीवाल्या_मॅडम

नमस्कार मंडळी. मी खेड-चिपळूण पट्ट्यातल्या एका छोट्या कॉलेजात बीएस्सीला केमिस्ट्री शिकवते. आमच्याकडे प्लेसमेंट सेल म्हणजे मी आणि अजून एक सर, दोघंही लेक्चर-प्रॅक्टिकल सांभाळून. कॅम्पसला कंपन्या येत नाहीत. लोटे एमआयडीसी जवळच, कंपन्यांच्या बसेस रोज सकाळी आमच्या फाट्यावरून जातात, आमची पोरं त्याच फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असतात, आणि तरी त्या बसमधल्या एकाशीही त्यांचं कधी बोलणं झालेलं नसतं.

मागच्या आठवड्यात वर्गात विचारलं, कोणाच्या ओळखीचं कोणी केमिकल किंवा फार्मा कंपनीत आहे का. एकही हात वर नाही. नंतर एकेकाला बाजूला घेऊन विचारलं तर कोणाचे शेजारी निघाले, कोणाच्या बहिणीचे दीर निघाले, एका पोराच्या वाडीतले काका तर सहा वर्षं क्यूसीत, म्हणजे कंपनीच्या माल तपासणाऱ्या लॅबमध्ये आहेत. म्हटलं मग बोलला का नाहीस? तर म्हणे मॅडम, त्यांना वाटेल नोकरी मागायला आलाय, आणि बाबा म्हणतात कोणाच्या वशिल्याने नको.

एका मुलीला मी माझ्यासमोर बसवून आमच्याच एका माजी विद्यार्थ्याला फोन लावायला सांगितला. जर्नलच्या मागच्या पानावर तिने काय बोलायचं ते सगळं लिहून काढलं होतं. समोरून "हॅलो, कोण बोलतंय" आलं आणि तिने फोन कट केला. मग बराच वेळ रडत होती, म्हणाली भीक मागितल्यासारखं वाटतं. हुशार मुलगी आहे हो, टायट्रेशनला तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

तर मला विचारायचंय की नेटवर्किंग, जॉब सर्च हे सगळं अशा पोरांना नक्की कसं शिकवायचं? बायोडाटाचं एक लेक्चर घेतलं मी, पण त्याने काही झालं नाही. जे स्वतः कंपनीत आहेत किंवा माणसं घेतात त्यांनी प्लीज लिहा.

शिफ्ट_इनचार्ज

मॅडम नमस्कार, मी 14 वर्षं फार्मात आहे, सुरुवात लोट्यातच, आता अंबरनाथ साइडला. आधी वशिल्याचं बोलतो कारण तीच खरी गाठ आहे. वशिला म्हणजे ज्याला काही येत नाही त्याला कोणाच्या तरी शब्दावर आत घेणं. आमच्याकडे काय होतं, एखादा केमिस्ट नोटीस देतो, दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना माहीत, हेड विचारतात कोणाच्या ओळखीत चांगलं पोरगं आहे का, दोन-तीन बायोडाटा तिथेच येतात, आणि मग पुढे कधीतरी एचआर जाहिरात टाकतं. म्हणजे जाहिरात वाचून अप्लाय करणारा पोरगा आठवडाभर उशिरा पोचलेला असतो. पण ओळखीतून आलेल्या पोराचाही इंटरव्ह्यू तेवढाच कडक होतो, कारण उद्या त्याने बॅच घालवली तर नाव ज्याने आणला त्याचं जातं. हे त्या पोराच्या बाबांना सांगा.

दुसरं, पोरांना "सर जॉब आहे का" हे विचारायला शिकवूच नका. त्याचं उत्तर "आत्ता नाही" एवढंच येतं आणि बोलणं तिथे संपतं. त्याऐवजी कामाबद्दल विचारा, की तुमच्याकडे नवीन पोराला पहिले सहा महिने काय करायला देतात, इंटरव्ह्यूला कुठे अडकतात, क्यूसी आणि प्रॉडक्शन यात सुरुवात कुठून बरी, आणि शेवटी, अजून कोणाशी बोलू असं तुम्हाला वाटतं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्यातूनच पुढचा नंबर मिळतो. मला कोणी असं विचारलं तर मी अर्धा तास बोलतो, आणि मग जागा निघाली की तोच पोरगा आठवतो.

तिसरं तुमच्या लॅबमधलं. मी फ्रेशरला हमखास विचारतो की सोडियम हायड्रॉक्साइड प्रायमरी स्टँडर्ड (म्हणजे नुसतं वजन करून अचूक द्रावण बनवता येतो असा पदार्थ) का नाही. दहातले सहा-सात गप्प बसतात, आणि टायट्रेशन तर सगळ्यांनी केलेलं असतं! हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून वजनावर भरवसा नाही, म्हणून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट घेऊन स्टँडर्डाइज करायचं, म्हणजे द्रावणाची नेमकी तीव्रता काढायची, एवढं सरळ बोलता आलं तरी मी पुढे ऐकतो. आणि मॅडम जर्नलमधलं व्हाइटनर आजपासून बंद करा. आमच्याकडे चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. शेजारच्याचं रीडिंग बघून आपलं जुळवणं ही कॉलेजची सवय घेऊन पोरगं आलं तर त्याची नोकरी जाऊ शकते, ऑडिटला कंपनी अडचणीत येते ते वेगळंच. ज्याला हे आधीच माहीत आहे तो पोरगा मला दोन मिनिटांत कळतो.

क्यूसीतली_ताई

मॅडम तुमच्या त्या मुलीसाठी खास लिहितेय कारण दोन वर्षांपूर्वी मी तीच होते. घरात पहिलीच ग्रॅज्युएट, वडील बागायतीत मजुरी करतात, कंपनीतलं कोणीच ओळखीचं नाही.

फोन जमत नसेल तर आधी मेसेजने सुरुवात करू दे. लिंक्डइनवर कॉलेजचं पेज उघडलं की माजी विद्यार्थ्यांची यादी दिसते, कुठे राहतात, कुठे काम करतात असं गाळूनही बघता येतं. आमच्या कॉलेजचे त्यात थोडेच होते पण त्यातले 11 जण लॅबमधले निघाले. मी पाठवलेला मेसेज अजून आहे माझ्याकडे, जसाच्या तसा देते:

"नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजात टीवायला केमिस्ट्रीला आहे. तुम्ही क्यूसीत आहात हे कॉलेजच्या पेजवर दिसलं. आम्ही एचपीएलसी पुस्तकातच शिकलोय, मशीन बघितलेलं नाही. इंटरव्ह्यूच्या आधी काय काय पक्कं करू एवढं विचारायचं होतं. तुम्हाला जमेल तेव्हा दहा मिनिटं फोन करू का? नाही जमलं तरी हरकत नाही."

मराठीतच लिहिला, आपल्या गावच्या माणसाला मराठीत लिहिलेलं जवळचं वाटतं. 11 पैकी सात जणांचं उत्तरच आलं नाही, तेव्हा फार लागलं मनाला, आता कळतं की शिफ्ट करून आलेला माणूस मेसेज बघतो आणि झोपतो. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करायची, पुन्हा नाही आलं तर सोडून द्यायचं. चौघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एका दादाने रविवारच्या वॉक-इनचं सांगितलं, तिथे मी सिलेक्ट झाले नाही. पण त्यांना फोन करून काय काय विचारलं आणि मी कुठे अडकले ते सांगितलं, तर त्यांनीच दुसऱ्या एका ताईंचा नंबर दिला आणि ती जागा मिळाली. म्हणून हे पोरांना नक्की सांगा की काम झालं नाही तरी परत फोन करायचा, काय झालं ते कळवायचं आणि थँक्यू म्हणायचं. बहुतेक जण इथेच तुटतात.

अजून एक, ऑफर आली की आधी विचारायचं, कंपनी रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर. मी लाजून विचारलं नाही आणि पहिलं वर्ष कॉन्ट्रॅक्टवर काढलं, काम तेच, पगार कमी. आणि क्यूसीलाही शिफ्ट असतात, बस कुठून कुठे आहे ते मुलींनी पहिल्यांदाच विचारून घ्यावं, घरचे तिथेच अडतात.

पुण्यातून_एचआर

वरचं सगळं पटलं. मी भर घालते ती बायोडाटाची. वडिलांचं नाव, धर्म, मॅरिटल स्टेटस, छंद आणि खाली "वरील माहिती खरी आहे" ही प्रतिज्ञा, यात अर्धं पान जातं आणि काय काय हाताने केलंय ते एका ओळीत. उलटं करा. कोणती टायट्रेशन, पीएच मीटर कॅलिब्रेट केलाय का, प्रोजेक्टमध्ये नक्की काय केलं, हे वर. एक पान, साधं, दोन कॉलमचं रंगीत डिझाइन नको, पोर्टलच्या सॉफ्टवेअरला कधीकधी ते नीट वाचताच येत नाही. फाइलला स्वतःचं नाव द्या, माझ्याकडे "रेझ्युमे फायनल" नावाच्या असंख्य फाइली आहेत. आणि नंबर चालू ठेवा, अनोळखी कॉल उचला, नाही जमला तर त्याच दिवशी परत लावा.

ओळख निघेपर्यंत रिकामं बसण्यापेक्षा अप्रेंटिसशिप धरा. केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर साध्या बीएस्सीवाल्यांनाही नाव नोंदवता येतं, 2019 च्या नियमांत पदवीधरांसाठी महिना किमान 9000 स्टायपेंड ठरला होता, आत्ताचा आकडा पोर्टलवर बघून घ्या. स्टायपेंडपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आतली माणसं ओळखीची होतात.

आणि पैसे! नोकरीसाठी रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग डिपॉझिट या नावाने कोणी आधी पैसे मागितले की तो फ्रॉड समजा. माझ्या मावशीच्या मुलाने एका बनावट ऑफर लेटरवर 3500 रुपये भरले, लेटरवर मोठ्या कंपनीचा लोगो होता आणि मेल आला होता जीमेलवरून. असं झालं तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा, जितका उशीर तितके पैसे हातचे जातात.

सडेतोड_सातारकर

सगळे छान लिहितायत पण मला एक खटकतंय. ओळखी पण वारशानेच येतात ना? ज्याचे काका कंपनीत त्याला कॅन्टीनची बातमी कळणार. ज्याच्या वाडीतलं कोणीच कधी कंपनीच्या आत गेलं नाही त्याने काय करायचं? कोणाच्या ओळखी कोणापर्यंत जातात हे आपल्याकडे जात बघूनच ठरत आलंय, हे बोलायला नको का? मी स्वतः तीन वर्षं बाहेर उभा होतो, माझ्यानंतर आलेली पोरं आत गेली, आणि अभ्यासात मी कमी नव्हतो. नेटवर्किंग शिकवा हो, पण ते शिकवून ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनाच अजून मिळणार असेल तर काय उपयोग.

शिफ्ट_इनचार्ज

सातारकर, तुमचं म्हणणं खरं आहे, नाकारत नाही. आमच्या डिपार्टमेंटमध्येही ठराविक दोन गावांतलीच किती पोरं आहेत ते मला दिसतं. यापुढे मला विचारलं की मी मॅडमना पण कळवेन, नुसतं माझ्या गावच्या ग्रुपवर टाकणार नाही.

समाजशास्त्र_वाचणारा

सातारकरांच्या मुद्द्यावरच. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. 1973 च्या त्याच्या निबंधात ते आलंय. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांनी सांगितलं की तो वरचेवर भेटणारा होता, बाकीच्यांचा तो अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा. कारण सोपं आहे, घरच्यांना आणि जिवलग मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवीन बातमी लांबचा माणूस आणतो. म्हणजे घरात कोणी नाही म्हणून सगळं संपलं असं नाही. पण तो लांबचा माणूस भेटण्याची जागा कोणीतरी तयार करायला लागते, आणि गरीब पोरासाठी ती जागा कॉलेजच. मॅडम, तुमच्याकडे जुने हजेरीपट असतील ना? ती यादी प्रत्येक पोराला सारखीच मिळायला हवी.

केमिस्ट्रीवाल्या_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार, आठवडाभर लिहायला जमलं नाही कारण हेच करत होते. सातारकर, तुमचं वाचून मला रात्री झोप लागली नाही. मीसुद्धा आत्तापर्यंत ज्या पोरांचे पालक येऊन विचारायचे त्यांनाच नंबर देत होते, हे मला तेव्हा जाणवलं.

ऑफिसच्या कपाटातून 2012 पासूनच्या पास झालेल्यांच्या याद्या काढल्या. निम्मे नंबर बंद. एकाचा मिळाला की त्याच्याकडून त्याच्या वर्गातल्या तिघांचा, असं करत 38 जण लागले, त्यातले 17 लॅब किंवा प्लांटला आहेत, लोटे, महाड, तारापूर, एक जण गोव्यात वेर्ण्याला. पोरांशी बोलाल का विचारलं तर फक्त दोघं नाही म्हणाले. ती यादी आता लॅबच्या दारावर लावलीय, त्यातल्या प्रत्येकाला विचारून, नंबर न लिहिता. ज्याला बोलायचंय त्याने चार प्रश्न लिहून आणायचे आणि माझ्यासमोर एकदा सराव करायचा, मी समोरचा माणूस होते आणि मुद्दाम "हॅलो, कोण बोलतंय" असं जरा तिरसटच म्हणते. व्हाइटनर जप्त केलेत, सोमवारी सात निघाले.

त्या मुलीने काल परत फोन लावला, त्याच माजी विद्यार्थ्याला. कागद हातात होता पण दुसऱ्या प्रश्नानंतर तिने तो खाली ठेवला. त्याने तिला विचारलं की सोडियम हायड्रॉक्साइड प्रायमरी स्टँडर्ड का नाही, आणि ती जी बोलत सुटली ती मी शेवटी खुणेने थांबवली. फोन ठेवताना तिने विचारलं, दादा, अजून कोणाशी बोलू? तिच्या जर्नलच्या मागच्या पानावर आता दोन नावं आहेत.

शिफ्ट इनचार्ज सर, पुढच्या महिन्यात एखाद्या शनिवारी तुम्ही आमच्या लॅबमध्ये याल का? आणि क्यूसीतली ताई, तुम्हाला सुट्टी असेल तर तुम्हीसुद्धा. प्रवासखर्च आम्ही वर्गणीतून करू, जेवण माझ्या घरी.