‘मॅनर हाऊस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मध्ययुगीन इंग्लंडविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘मॅनर हाऊस’ पदोपदी आडवे येते. कोणी ‘वाडा’ सुचवतात, कोणी ‘गढी’. यांपैकी योग्य काय? आणि त्या घरातील हॉल, सोलर, बटरी या भागांना काय म्हणावे?

उत्तर : ‘मॅनर’ हे मुळात इमारतीचे नावच नाही. ‘राहणे’ या अर्थाच्या ‘मानेरे’ या लॅटिन क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजांच्या अमदानीत जमीन आणि तिच्यावरील हक्क यांच्या एकत्रित घटकासाठी रूढ झाला आणि १०८६च्या ‘डूम्सडे’ या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत तो याच अर्थाने पानोपानी भेटतो. धन्याची स्वतःची शेती, कुळांची शेते, गायरान, कुळांकडून घ्यायची वेठ आणि धन्याचे न्यायासन हे सारे त्यात आले. या सर्वांचा कारभार जिथून चाले, ते मॅनर हाऊस. त्यामुळे नुसत्या ‘मॅनर’ला वाडा म्हणणे चूकच. ‘वतन’ हा शब्द अर्थाने बराच जवळचा आहे, पण त्याच्या मागोमाग देशमुख-पाटीलही मजकुरात शिरतात, म्हणून मी ‘मॅनर’ तसाच ठेवीन.

घरांच्या नावांवर तर अजिबात विसंबू नये. श्रॉपशरमधील स्टोकसे हे लोकरीचा व्यापारी लॉरेन्स ऑफ लडलो याचे घर. त्याला १२९१मध्ये तटबंदीचा परवाना मिळाला आणि आज नावात ‘कॅसल’ आहे, तरी ते तटबंद मॅनर हाऊसच होय. उलट वॉडेस्डन मॅनर ही एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शातोच्या, म्हणजे सरदारी प्रासादाच्या, धर्तीवर रॉथ्सचाइल्ड घराण्यातील धनिकाने उभारलेली हवेली आहे. स्टोकसेला ‘गढी’ शोभेल, वॉडेस्डनला नाही.

खरी अडचण ‘हॉल’ची आहे. आपल्या सदनिकांमुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हॉल म्हटले की सोफा आणि दूरदर्शन संच येतो. केंट परगण्यातील पेन्सहर्स्ट प्लेस पाहावे. लंडनचा चार वेळा महापौर झालेला व्यापारी सर जॉन डी पुल्टनी याने १३४१च्या सुमारास बांधलेल्या या घराच्या हॉलचे चेस्टनट लाकडाचे छप्पर सुमारे साठ फूट उंच असून फरशीच्या मध्यभागी अष्टकोनी अग्निस्थान अजून शाबूत आहे. भिंतीतल्या चुली आणि धुराडी सर्वत्र रूढ होण्यापूर्वी अशा दालनांतला धूर छपरातल्या झरोक्यावाटे बाहेर जाई. वरच्या टोकाच्या ओट्यावर धन्याची पंगत, खाली चाकर-नोकरांची. रात्री तिथेच कित्येकजण झोपत, आणि मॅनरचा न्यायनिवाडाही पुष्कळदा तिथेच होई. निवाड्यापुरती आपली ‘सदर’ जुळते, पण सदरेवर कोणी जेवत-झोपत नसे. ‘दिवाणखाना’ फार नागर वाटतो आणि ‘सभागृह’ तर नाटकाच्या तिकिटांची आठवण करून देते. माझे मत ‘थोरले दालन’ या शब्दाला आहे.

हॉलच्या खालच्या टोकाला लाकडी आडभिंत आणि तिच्यामागे बोळ असे. त्या बोळात उघडणारी बटरी ही लोण्याची खोली नव्हे. पिंप या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी तिचे नाते आहे, म्हणून ‘पेयांची कोठी’. शेजारची पँट्री म्हणजे पावाची कोठी. ‘सोलर’ला कोणी ‘सौरकक्ष’ करील याचीच धास्ती वाटते. मूळ लॅटिन शब्दात सूर्य असला तरी व्यवहारात त्याचा अर्थ धन्याच्या कुटुंबाची वरच्या मजल्यावरील खासगी खोली एवढाच उरला होता. त्याला सरळ ‘माडी’ म्हणावे. ‘गार्डरोब’ हा शब्दशः कपडे ठेवण्याचा भाग, प्रत्यक्षात बहुधा शौचकूप. ‘परसाकडे’ जाणाऱ्या मराठी माणसाला हा आडपडदा समजावून सांगावा लागू नये. तटाच्या दातेरी कडेसाठी मात्र आपल्या दुर्गांवरचा ‘चर्या’ हा नेमका शब्द आयता आहे.

शंका : डर्बीशरच्या हॅडन हॉलला दोन चौक आहेत. मग त्याला ‘दोन चौकी वाडा’ म्हणायला काय हरकत आहे?

उत्तर : आराखडा पाहता मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु वाड्यात चौक आधी आणि त्याच्याभोवती सोपे, माजघर, खोल्या अशी मांडणी असते, सारे घर त्या चौकाकडे तोंड करून बसते. हॅडनमध्ये थोरले दालन दोन्ही चौकांच्या मधोमध उभे आहे, बाकीच्या बाजू पिढ्यान्‌पिढ्या भरत गेल्या, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथे झालेली सुमारे एकशेदहा फुटांची लांब गॅलरी, म्हणजे सज्जा नव्हे तर लांबट दालन, बागेकडे पाहते. वर्णनाच्या ओघात ‘दोन चौकांचे घर’ असे अवश्य लिहावे. ‘दोन चौकी वाडा’ म्हटले की वाचक तिथे तुळशीवृंदावन शोधू लागेल.