अनुभव धागा: धंदा आणि संसार एकाच भांडणात अडकले तेव्हा वकील कसा शोधलात?

पाचपाखाडीकर
मंडळी, मैत्रिणीसाठी विचारतेय (खरंच मैत्रिणीसाठी, हसू नका). ती आणि तिचा नवरा मिळून ठाण्यात इंटिरिअरचा धंदा चालवतात, पार्टनरशिप फर्म आहे, तिचे ४० टक्के. आता दोघांना वेगळं व्हायचंय. घटस्फोटवाला वकील म्हणतो फर्मचं सीएला विचारा, सीए म्हणतो हे वकिलाचं काम, आणि धंद्याची कामं बघणारा वकील गाठला तर तो म्हणे ताई आधी घरचं मिटवून या. असा कोणी असतो का जो दोन्ही बघतो? की दोन वेगळे वकील करायचे? पहिल्या भेटीत काय विचारलंत, फी कशी ठरली, कशावरून कळलं की याला खरंच अनुभव आहे, सगळं लिहा. लांबलचक चालेल. फक्त वकिलांची नावं नकोत, चांगल्यांचीही नकोत.

लेथवाला
आमचं नवरा-बायकोचं नाही, भावंडांचं. वागळे इस्टेटला वडिलांनी सुरू केलेलं जॉबवर्कचं युनिट, वडील आणि आम्ही दोघे भाऊ असे तीन पार्टनर. वडील गेले, आणि दिवसपाणी उरकल्यावर दादा म्हणाला आता आपण दोघे, पन्नास-पन्नास. ताईने एवढंच विचारलं की मग बाबांच्या हिश्श्याचं काय, आणि तिथून जे सुरू झालं ते झालंच.

आधी दोन वकिलांना भेटलो, दोघेही दहा मिनिटांत "दावा टाकू, स्टे आणू" वर आले, कागद कोणी मागितलाच नाही. मग नौपाड्यातल्या एका वयस्कर वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आमची रडकथा अर्ध्यात थांबवली आणि म्हणाल्या डीड म्हणजे भागीदारीचा करार आणा, तीन वर्षांच्या बॅलन्सशीट आणा, मग बोलू. डीडमध्ये एक पार्टनर वारला तर फर्म चालू राहील असं कलमच नव्हतं. तसं लिहिलेलं नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पार्टनर गेला की फर्म विसर्जित होते, म्हणजे आम्ही दोघे इतके महिने चालवत होतो तो धंदा कायद्याने कोणाचा हाच प्रश्न. दुसरं म्हणजे बाबांच्या भांडवल खात्यातली रक्कम ही त्यांची स्वतःची, मृत्युपत्र नाही, त्यामुळे आई, ताई, दादा आणि मी असे चार सारखे हिस्से. दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं ठोकून दिलं की २००५ चा मुलींचा कायदा आपल्याला लागू नाही. बाई म्हणाल्या तो वडिलोपार्जित मिळकतीचा विषय आहे आणि त्यातही सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मुलींच्याच बाजूने सांगितलंय, इथे त्याची गरजच पडत नाही. वर हेही सांगितलं की हिशोब न मिटवता उरलेल्या पार्टनरांनी धंदा चालू ठेवला तर गेलेल्याचे वारस एकतर नफ्यातला वाटा नाहीतर वर्षाला ६ टक्के व्याज मागू शकतात, निवड वारसांची. हे ऐकल्यावर दादाचा आवाज खाली आला.

पण मला त्या बाई पटल्या त्या वेगळ्याच गोष्टीने. सुरुवातीलाच विचारलं, मी कोणाची वकील आहे ते ठरवा. आम्ही म्हटलं दोघा भावांची. मग मसुदा झाल्यावर ताईला स्पष्ट म्हणाल्या, मी तुझी वकील नाही, हा कागद तुझ्या माणसाला दाखव आणि मगच सही कर. ताईने दाखवला, दोन बदल आले, झाले. शेड एमआयडीसीच्या लीजवर फर्मच्या नावाने होती, ती विकायची वेळ आली असती तर सगळेच रस्त्यावर. म्हणून शेवटी ठरलं ते असं, आई आणि ताईला हप्त्यांनी पैसे, आमचं नवीन डीड, यावेळी ते कलम टाकून. फी तेव्हा भरपूर वाटली होती, दादा अजून कुरकुरतो.

सीवूड्सची
माझी बेलापूर कोर्टात डीव्हीची (घरगुती हिंसाचाराची) केस होती, त्यात पोटगीचा अर्ज. नवऱ्याचा महापेला फॅब्रिकेशनचा धंदा. त्याचं रिटर्न बघितलं तर माणूस माझ्या पगारापेक्षा कमी कमावतो, आणि मी शाळेत क्लार्क आहे हां. पहिल्या वकिलाने ते रिटर्न वाचून मान हलवली आणि म्हणाला फार काही मिळणार नाही.

दुसऱ्या वकिलाने रिटर्न बाजूला ठेवलं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही मिळकत आणि देण्याचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, त्यात धंदा, भागीदारी, बँक खाती, कर्ज सगळं येतं. नवऱ्याने ते मोघम भरलं होतं. आमच्या वकिलाने फर्मच्या बॅलन्सशीट मागवायला अर्ज टाकला आणि आल्यावर सरळ त्याच्या भांडवल खात्याचं पान उघडलं. नफ्यातला वाटा एवढासा आणि वर्षभरात फर्ममधून स्वतःसाठी काढलेली उचल त्याच्या कितीतरी पट. गाडीचा हप्ता फर्म भरतेय, मोबाईल फर्मचा, सासूबाईंचा मेडिक्लेमसुद्धा फर्मच्या खर्चात. उलटतपासणीत आमच्या वकिलाने एकच लाइन लावून धरली की साहेब उत्पन्न नाही तर उचल कुठून आली. समोरच्याकडे उत्तर नव्हतं. पोटगी मी मागितलेली सगळी नाही मिळाली, पण पहिल्याने सांगितलेल्या आकड्याच्या पुष्कळ वर मिळाली, आणि अर्ज केला त्या तारखेपासून धरून.

त्यामुळे माझं मत, फॅमिलीचाच वकील करा पण ज्याला बॅलन्सशीट वाचता येते असा. टेस्ट सोपी आहे, पहिल्या भेटीत कागद पुढे ठेवा आणि तो कुठलं पान आधी उघडतो ते बघा.

तारीखवाला
सगळ्यांचे वकील एवढे गुणी कसे हो. आम्ही मोठं नाव बघून केला, केबिनमध्ये एसी, भिंतभर पुस्तकं, साहेबांनी स्वतः तासभर ऐकून घेतलं आणि त्यानंतर साहेब दिसले ते डायरेक्ट फी वाढवायच्या वेळी, मधल्या सगळ्या तारखांना ज्युनियर आणि तोही दरवेळी नवीन, मीच त्याला पॅसेजमध्ये उभं राहून केस समजावून सांगायचो की बाबा हा माझा मेव्हणा आहे पार्टनर नाही, पार्टनर तो दुसरा, आणि तो आत जाऊन तारीख घेऊन यायचा. त्यामुळे विचारताना हे विचारा की उभं कोण राहणार. मॅटर कोण ड्राफ्ट करणार, युक्तिवाद कोण करणार, आणि ते फीच्या कागदावर लिहून घ्या. ज्युनियरला माझा विरोध नाही, बदलत्या ज्युनियरला आहे.

आणि ई-कोर्ट्सचं अ‍ॅप फुकट आहे, सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर) टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. वकिलाच्या नावानेही सर्च होतं. कोण म्हणालं की धंद्याच्या केसेस भरपूर लढवतो तर बघा ना किती दिसतात ते.

काळा कोट
ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करतो, त्यामुळे थोडं आमच्या बाजूनेही.

वकिलाला जाहिरात करायची बंदी आहे, त्यामुळे "ठाण्यातला नंबर वन घटस्फोट वकील" असं ज्याचं झळकतंय त्याच्याबद्दल आधीच एक प्रश्न मनात ठेवा. "मिळेल त्यातले इतके टक्के" अशी फीसुद्धा बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, कोणी मागितली तर उठून या. फी टप्प्याने ठरवा: नोटीस, दावा किंवा याचिका, अंतरिम अर्ज, पुरावा, युक्तिवाद. कोर्ट फी, टायपिंग, सर्टिफाईड कॉपी हे वेगळं की त्यातच, तेही आधीच विचारा, नंतर यावरूनच वाजतं. २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वकिलाच्या सेवेत कमतरता म्हणून ग्राहक मंचात जाता येणार नाही. तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, पण पैशाचं बोलणं कागदावर नसेल तर सिद्ध काय करणार?

मूळ प्रश्नाबद्दल. परस्पर संमतीचा घटस्फोट असेल तर लोकांना वाटतं दोघांत एक वकील पुरे, पैसे वाचतील. घरात फक्त भांडीकुंडी वाटायची असतील तर ठीक आहे. फर्म असेल तर नाही. तिचा ४० टक्क्यांचा हिस्सा किती किमतीचा यावर दोघांचं हित सरळ समोरासमोर आहे, तिथे एकच माणूस दोघांना सल्ला देऊ शकत नाही.

मीठबंदर
वकिलाआधी सीए बदला. दोघांचा सीए एकच असतो आणि तो नवऱ्याचा शाळामित्र असतो 😀

घोडबंदरची मावशी
मीठबंदर, हसले पण अगदी खरं आहे ते. माझ्या लेकीचं सेम टू सेम पाचपाखाडीकरांच्या मैत्रिणीसारखं होतं म्हणून सविस्तर लिहिते.

जावई आणि लेक दोघं फर्ममध्ये, केटरिंगचा धंदा, ती मेन्यू आणि ऑर्डरी बघायची, तो बाहेरचं. आम्ही वकील दोन केले, एक फॅमिली कोर्टाचे आणि एक फर्मच्या कामांचे, पण दोघांना पहिल्याच आठवड्यात एका टेबलाशी बसवलं. ही आयडिया फॅमिलीवाल्या वकिलांचीच, ते म्हणाले मला संमतीच्या अटी लिहिता येतात पण रिटायरमेंट डीड, म्हणजे फर्ममधून बाहेर पडायचा करार, हा माझा प्रांत नाही. मला ते फार आवडलं, माझं येत नाही असं सांगणारा वकील मी तरी पहिल्यांदा पाहिला.

फर्मवाल्यांनी जे काढलं ते आमच्या स्वप्नातही नव्हतं. एक म्हणजे नुसतं रिटायरमेंट डीड करून भागत नाही, पब्लिक नोटीस दिली नाही तर बाहेरच्यांच्या लेखी ती पार्टनरच राहते आणि फर्मच्या पुढच्या देण्यांसाठीही तिला धरता येतं. रजिस्टर्ड फर्म असल्याने रजिस्ट्रारला कळवणं, राजपत्र आणि स्थानिक भाषेतला पेपर असं सगळं करावं लागलं. जावई म्हणत होता एवढं कशाला, घरातलंच आहे. हो, पण घर मोडायलाच तर बसलो होतो ना.

दुसरं म्हणजे बँक. फर्मच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेल्या कर्जाला, लेकीची वैयक्तिक गॅरंटी होती आणि आमच्या नावावरचा फ्लॅट गहाण. घटस्फोटाच्या हुकूमाने बँकेला काही फरक पडत नाही, गॅरंटी सुटली असं बँकेने लेखी दिलं पाहिजे. बँक सहजासहजी देईना, दुसरा गॅरंटर आणा म्हणाली. शेवटी जावयाचा भाऊ आला, पण त्यात चिक्कार वेळ गेला आणि वकिलांनी तोपर्यंत याचिकेवर सही करू दिली नाही. लेक वैतागली होती, म्हणायची आई मला फक्त सुटायचंय. मी वकिलांच्या बाजूने राहिले.

मग सगळं एका संमतीपत्रात, म्हणजे हिस्स्याची रक्कम, तारखा, गॅरंटी, नातवाचा ताबा आणि भेटी, नुकसान झालं तर कोण भरणार, आणि तेच याचिकेला जोडलं. कायद्यात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिने थांबायचं असतं, पण २०१७ च्या एका निकालानंतर कोर्ट ते माफ करू शकतं, दीड वर्षाच्या वर वेगळे राहत असतील आणि बाकी सगळं मिटलेलं असेल तर. आमचं मिटलेलं होतं म्हणून माफ झालं. बँकेचं अर्धवट ठेवून गेलो असतो तर जज्जसाहेबांनी काय विचारलं असतं देव जाणे.

ऐरोली नाका
खर्च झेपत नसेल तर एक राहिलं. बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो, ठाणे कोर्टातच ऑफिस आहे. माझ्या वहिनीला मिळाली ती पोरगी नवीन होती पण तारीख एक चुकवली नाही. धंद्याचं मात्र तिला जमेना, ते आम्ही बाहेरून बघून घेतलं.

पाचपाखाडीकर
किती काय काय लिहिलंत, धन्यवाद सगळ्यांना. मावशी, तुमची पोस्ट मैत्रिणीला जशीच्या तशी पाठवली, आणि तिने आत्ता कपाटातून बँकेचं सॅंक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) काढलं तर तिचीही गॅरंटी निघाली, तिला पत्ताच नव्हता. आता एक अडचण, घटस्फोटवाल्या वकिलाकडे तिची सगळी ओरिजिनल आहेत, डीडसुद्धा, आणि तो म्हणतो उरलेली फी द्या मग फाईल न्या. वकीलपत्र अजून कोर्टात लागलेलं नाही.

काळा कोट
फीसाठी फाईल अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. फी बाकी असेल तर ती त्याने वेगळी मागावी, कागद तिचे आहेत. लेखी मागा, ईमेल किंवा रजिस्टर एडी, कुठले कुठले कागद दिलेत त्याची यादी जोडून, भाषा सौम्य ठेवा. बहुतेक वेळा एवढ्यावर फाईल येते. वकीलपत्र लागलेलं नसेल तर जुन्या वकिलाच्या एनओसीचाही (ना-हरकतीचाही) प्रश्न नाही. डीडची कॉपी सीएकडे आणि बँकेतही असणार, तोवर त्यावर नव्या वकिलाला काम सुरू करू दे. आणि फी खरंच बाकी असेल, काम झालं असेल, तर तेवढी देऊन टाका आणि पावती घ्या.