मदत हवी आहे: वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असताना पालेभाजी किती आणि कशी द्यायची?

आईचं वय ६८. तीन वर्षांपूर्वी तिची हृदयाची मायट्रल झडप बदलली, मेटलची बसवली. रात्री पंखा बंद असला की शेजारच्या अंथरुणावर मला तिची टिकटिक ऐकू येते. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला वॉर्फरिन. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा आहे आणि तो गेलं वर्षभर तिथेच होता.

यंदा पावसाळ्यात ती कणकवलीला मामाकडे राहिली. टाकळा, अळू, दारातला शेवग्याचा पाला, रोज काहीतरी हिरवं. गोकुळाष्टमीला शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी आणि आंबोळ्या तर हव्यातच. परत आल्यावर तपासलं तर आयएनआर १.६. डॉक्टर म्हणाले, पाल्यातून व्हिटॅमिन के जास्त गेलं की गोळीचा जोर कमी पडतो, झडपेवर गुठळी धरू शकते. त्यांनी डोस वाढवला.

आईने धसकाच घेतला. हिरवं पान बंद, वरणावर कोथिंबीरसुद्धा नको. आम्हालाही वाटलं, बरंच झालं. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना तिचं बेसिन लाल झालं. आयएनआर ५.४! डोस वाढलेला आणि पाला शून्य, हे आमच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवून पुन्हा तपासलं.

आता आकडा ताळ्यावर आहे. डॉक्टर म्हणतात, पालेभाजी खाऊ दे, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. तुम्ही घरी हे कसं मोजता? भाजी उकडून पाणी फेकून दिलं तर के कमी होतं का? शिवाय शेजारच्या काकूंनी सांध्यांसाठी हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्यात, त्या द्याव्यात का?

प्रतिसाद
ताई, माझ्या मिस्टरांना ही गोळी नऊ वर्षं चालू आहे. सुरुवातीला आम्हीही तुमच्यासारखेच घाबरून सगळं बंद केलं होतं. आता आमच्याकडे एक ठरलेली वाटी आहे. मंगळवार, शुक्रवार त्या वाटीने शिजलेली पालेभाजी, मग मेथी असो वा पालक. वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीची काळजी नको, पण कोथिंबीर वडी केली तर ती त्या दिवसाची पालेभाजी धरते. पाणी फेकून उपयोग नाही. व्हिटॅमिन के पाण्यात विरघळत नाही, शिजवूनही फारसं जात नाही. हळदीच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अजिबात देऊ नका. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि कुठल्याही आजारात अँटिबायोटिक सुरू झालं की आयएनआर लवकर तपासायचा, हे लिहूनच ठेवा.

मूळ धागाकर्ती
खूप खूप आभार. कॅप्सूल बाजूला ठेवल्या, पुढच्या भेटीला बरोबर नेणार. आईने वाटी स्वतः निवडली, स्टीलची, आमटीची. बुधवार-शनिवार ठरलेत आणि आकडे मी कॅलेंडरवर लिहितेय. आता एकच विचारायचं राहिलं: बोटातून थेंबभर रक्त घेऊन घरीच आयएनआर दाखवणारं मशीन कोणी वापरतंय का? लॅबच्या आकड्याशी कितपत जुळतं? पुढच्या पावसाळ्यात तिला पुन्हा गावी जायचंय, आणि मला तिला नाही म्हणायचं नाहीये.