कपातीची चिन्हं आहेत: शिल्लक गृहकर्जात भरू, कार्डावर भरू की हातात ठेवू?

कंपनीत भरती थांबली आहे, कपातीची चर्चा आहे. हिशेबाला सोपं जावं म्हणून हातात येणारा पगार १०० धरतो. गृहकर्जाचा हप्ता ३२, घरखर्च ४०. क्रेडिट कार्डाची बाकी ६०, व्याज महिना ३ टक्के. दरमहा किमान रक्कम (बाकीच्या ५ टक्के) भरतो. बचत खात्यात १५०. मोठी रक्कम गृहकर्जात भरून टाकावी असं घरच्यांचं म्हणणं आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १
गृहकर्जात आत्ता काहीही जादा भरू नका. भरलेले पैसे सहसा परत काढता येत नाहीत, आणि बहुतेक वेळा फक्त मुदत घटते. पुढच्या महिन्याचा हप्ता ३२ तो ३२च.

कार्ड मात्र आजच मिटवा. ६० वर महिन्याचं व्याज १.८. तुम्ही भरता ३, म्हणजे मुद्दल उतरतं जेमतेम १.२. बाकी घटते तशी किमान रक्कमही घटते, त्यामुळे नवी खरेदी शून्य ठेवली तरी बाकी निम्मी व्हायला ३४ महिने लागतील. शिवाय बाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत जाते आणि साधा किराणाही पहिल्या दिवसापासून व्याजावर येतो.

उरले ९०. घरखर्च २८ वर आणलात तर हप्त्यासह महिन्याची गरज ६०, म्हणजे दीड महिन्याची सोय. सहा महिन्यांचे ३६० हवेत. दरमहा ४० बाजूला टाकले तर सात महिन्यांत जमतात. २८ काढताना विम्याचा हप्ता आणि शाळेची फी बाराने भागून धरा. नेमकं तेच राहून जातं आणि सगळं गणित कोलमडतं.

धागाकर्ता
एकदम ६० काढायची भीती वाटते. पुढच्याच महिन्यात नोकरी गेली तर?

प्रतिसाद १
भीती रास्त आहे. कपातीचं पत्र खरोखर हातात असेल तर ३० भरा, १२० जवळ ठेवा. नुसती चर्चा असेल तर पूर्ण भरा. मोकळ्या झालेल्या कार्डाच्या मर्यादेवर मात्र विसंबू नका, बँक ती कधीही कमी करू शकते.

प्रतिसाद २
वरच्या हिशेबाशी सहमत. नोकरीच्या बाजूचं सांगतो. कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ असू शकतो. म्हणून स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या. पगारपत्रकं, नेमणूकपत्र, बढतीची पत्रं स्वतःच्या ईमेलवर घ्या, कारण कपातीच्या दिवशी लॅपटॉप दुपारपर्यंतही चालू राहील याची खात्री नसते. कंपनीच्या कामाच्या फायलींना मात्र हात लावू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: बैठकीत राजीनाम्याचा कागद पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका. स्वतःहून राजीनामा दिल्याची नोंद झाली की भरपाईवरचा हक्क जाऊ शकतो. "वाचून उद्या सांगतो" एवढंच म्हणा. नेमणूकपत्रातला नोटीस कालावधी आणि शिल्लक रजांच्या पैशांचं कलम आजच काढून वाचा.

आणि हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी बँकेत लेखी अर्ज द्या. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची बोलणी तेव्हा होतात. एकदा हप्ता परतला की दंडही लागतो आणि पतनोंदही खराब होते.