आरव्ही-10 घेऊन ढगात जावं का?

कराडकर: माझा आतेभाऊ टेक्सासला असतो. गॅरेजमध्ये खपून त्याने स्वतः आरव्ही-10 हे किटमधलं छोटं विमान बांधलंय. 260 हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन, चार सीट, क्रूझ, म्हणजे प्रवासातला नेहमीचा वेग, ताशी 200 मैलांच्या आसपास. नव्या विमानाच्या चाचणी उड्डाणाचे तास संपले, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणं पाहून उडवायची परवानगी) नुकतंच मिळालं. आत्या डिसेंबरात कराडहून तिकडे जातेय आणि हा म्हणतो, आईला ढगातून नेणार! नियमात बसतं का? बसत असेल तरी विमान त्या कामाचं आहे का?

यवतेश्वर: नियमात बसतं. लागणारी उपकरणं असली आणि विमानाच्या कागदपत्रांत तशी मुभा असली की झालं.

काळजी वेगळी आहे. मी साताऱ्यात स्थायिक होण्याआधी अनेक वर्षं सेसना 172 वर मुलांना इन्स्ट्रुमेंट शिकवलं. ते विमान क्षणभर लक्ष हटलं तरी सांभाळून घेतं. आरव्हीची स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, हलकी, अंग गुळगुळीत. रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला मान वळवली तेवढ्यात एक पंख हळूच खाली जातो. सेकंदाला दोनेक अंशांपेक्षा सावकाश कललं तर आतल्या कानाला पत्ताच लागत नाही. मग नाक खाली जातं, वेग चढतो. या विमानाची कमाल वेगमर्यादा ताशी 230 मैल, म्हणजे क्रूझच्या वर उरले 30. अशा वेळी पंख सरळ न करता घाबरून स्टिक ओढली की गिरकी आणखी आवळते.

1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना आभासी ढगात घातलं होतं. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. तुमचा भाऊ शिकलेला आहे, मान्य. पण कोणत्या विमानावर? 100 नॉटला (ताशी 115 मैल) स्टँडर्ड रेटच्या, म्हणजे सेकंदाला 3 अंश दिशा बदलणाऱ्या, वळणासाठी साधारण 15 अंश कलावं लागतं, 170 नॉटला (ताशी सुमारे 195 मैल) 25. हाताची सवयच बदलावी लागते.

कृष्णाकाठ: मी पॅनेलचं वायरिंग करतो, म्हणून एवढंच विचारतो. सगळे डिस्प्ले विजेवर असतील तर अल्टरनेटर गेल्यावर बॅकअप बॅटरी किती वेळ चालते, हे त्याने जमिनीवर घड्याळ लावून पाहिलंय का? पिटो हीटर, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ अडकू नये म्हणून ती तापवणारा, आहे का?

कराडकर: विचारलं. रेटिंग सेसना 172 वरच घेतलंय. ऑटोपायलट आहे. बॅटरी तपासलीय. पिटो हीटर बसवलाय, पण हवेत अजून चालवून पाहिलेला नाही.

यवतेश्वर: मग डिसेंबरात आत्याबाईंना निरभ्र दिवशी फिरवू दे. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंश तापमानाची, म्हणजे पाणी गोठायची, पातळी 16-18 हजार फुटांवर असते, तिकडे थंडीत ती पार जमिनीला टेकू शकते. पंखावरचं बर्फ काढायची सोय या विमानात नसते, त्यामुळे त्या ढगांच्या वाटेला जायचंच नाही.

उन्हाळ्यात, ढगाखाली दोन-तीन हजार फूट मोकळे असताना, आरव्ही-10 वर हात बसलेला इन्स्ट्रक्टर शेजारी घेऊन ढगात शिरावं. ऑटोपायलट बंद. पूर्ण अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, हाताने. क्रूझचा वेग ढगात शिरण्याआधीच उतरवायचा, आत गेल्यावर नाही. पहिल्या अप्रोचला घाम फुटेल, फुटू दे. पुढचे नीट व्हायला लागले की तो इन्स्ट्रक्टरच सांगेल, आईला कधी बसवायचं ते.




कराडकर: जसंच्या तसं पाठवलं, काका. तिथला इन्स्ट्रक्टर शोधायला लागलाय.